टीव्हीच्या पाठीवरची चिठ्ठी

दुबईहून भाच्याचा फोटो आला. नव्या टीव्हीचा असेल म्हणून कौतुकानं उघडला, तर समोर टीव्हीची पाठ. काळं प्लास्टिक, भिंतीवर टांगायला चार भोकं, हवा जायला जाळी आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची एक पांढरी चिठ्ठी. खाली एकच ओळ : "मामा, हा इंदूरला चालेल ना?"

बर दुबईतल्या अल फहीदी रस्त्यावर तो उभा होता. तिथे ओळीनं इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. सेल लागला होता, आणि आईसाठी त्रेचाळीस इंची टीव्ही घेऊन दिवाळीला घरी यायचं त्याच्या मनात होतं. पण पोरगा पुढून बघून भुलला नाही. दुकानदाराला टीव्ही फिरवायला लावला आणि पाठीचा फोटो काढला. बैलबाजारात गेलेला शेतकरी आधी शिंगं बघत नाही, दात बघतो, तसं.

त्याला ही सवय लागायला कारण घरातच घडलं होतं.

ताई न्यू जर्सीहून कायमची इंदूरला परत आली ते २००९ साल. कंटेनरमधून आलेल्या सामानात एक मोठा सपाट टीव्ही होता. त्या काळी आमच्या रामबागेत तसा टीव्ही म्हणजे बघायला शेजारी यावेत अशी चीज. भाचा तेव्हा दहा वर्षांचा. त्यानं उत्साहानं वायर हातात घेतली, भिंतीच्या सॉकेटला लावायला गेला आणि मी ओरडलो. पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इंदूरच्या भिंतीत असतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

लावला असता तर काय झालं असतं, ते जरा सांगतो. आपण २३० म्हणतो ती एक प्रकारची सरासरी. प्रत्यक्षात विजेची लाट दर आवर्तनाला सव्वातीनशे व्होल्टपर्यंत उसळी घेते आणि तितकीच खाली जाते. अमेरिकेतल्या १२० ची उसळी जेमतेम १७० ची. टीव्हीच्या पोटात शिरल्यावर ही उसळी पहिल्यांदा ज्याच्या अंगावर येते तो एक कपॅसिटर, पेन्सिल सेलपेक्षा जरा जाड, प्लास्टिकचं जाकीट घातलेला. केवळ अमेरिकेसाठी बनवलेल्या संचात त्या जाकिटावर बहुधा २०० व्होल्ट छापलेलं असतं. सव्वातीनशेला तो फट्‌ करून फुटतो, आतून रसायनाचा धूर निघतो, आणि मग टीव्ही केवळ भिंतीवरचा आरसा उरतो. जगभर चालणाऱ्या संचात त्याच जागी ४०० किंवा ४५० व्होल्टचा कपॅसिटर बसवलेला असतो. फरक एवढाच.

आम्ही महारानी रोडवर गेलो. इंदुरात बिजलीचं सामान म्हटलं की पाय तिकडेच वळतात. दुकानदारानं गल्ल्यावरूनच विचारलं, "भिया, वॉट कितना?" आणि एक लोखंडी पेटी समोर ठेवली. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. उचलली तेव्हा हात खाली गेला. ही पेटी पुढची कितीतरी वर्षं टीव्हीखालच्या कप्प्यात बसून गुणगुणत राहिली.

त्या गुणगुणीबद्दल थोडं. ट्रान्सफॉर्मरच्या आतले पोलादी पत्रे चुंबकत्वानं केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी ताणले जातात आणि पुन्हा सैल पडतात. विजेच्या एका आवर्तनात दोनदा. म्हणून ५० हर्ट्झच्या गावात त्यांचा सूर १०० चा आणि ६० हर्ट्झच्या गावात १२० चा. आता १२० भागिले १०० म्हणजे सहास पाच. षड्ज धरला तर सहास पाचावर कोमल गंधार लागतो, शुद्ध गणिती, पेटीवरच्यापेक्षाही सुरेल. म्हणजे इंदूरचा ट्रान्सफॉर्मर सा लावून बसला असेल, तर न्यू जर्सीतला त्याचा भाऊ त्याच क्षणी कोमल गंधारावर आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून एवढी मौज तरी करता यायला हवी.

पण मुळात एक देश पन्नासवर आणि दुसरा साठवर, हे कशासाठी? याचं उत्तर निसर्गात कुठेच नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीनं ६० धरले, जर्मनीत एईजी कंपनीनं ५०. ज्यानं ज्याच्याकडून यंत्रं घेतली, त्याच्याकडे तो आकडा आला. जपानात तर मजाच झाली. १८९५ मध्ये टोकियोनं एईजीकडून जर्मन जनित्रं घेतली आणि पुढच्याच वर्षी ओसाकानं जनरल इलेक्ट्रिककडून अमेरिकन. आज सव्वाशे वर्षांनंतरही जपानचा पूर्व भाग ५० वर आणि पश्चिम भाग ६० वर चालतो. एका देशात एक भाषा, एक सम्राट आणि दोन हर्ट्झ.

टीव्हीचा या भांडणाशी संबंध असा आला की जुन्या काळी टीव्हीचं चित्र विजेच्या तालावरच नाचायचं. वीजपुरवठ्यातली थरथर चित्रात सावलीसारखी उमटायची. चित्र विजेच्याच वेगानं काढलं तर ती सावली एका जागी थांबते आणि डोळा तिला विसरतो. वेग वेगळा असला की ती पडद्यावरून वरखाली सरकत राहते आणि माणूस वेडा होतो. म्हणून युरोपनं सेकंदाला ५० अर्धी चित्रं काढायची ठरवली आणि अमेरिकेनं ६०. अर्धी अशासाठी, की आधी एकाआड एक ओळी काढायच्या आणि दुसऱ्या फेरीत राहिलेल्या. शेतात एक तास सोडून एक पेरावं आणि परत येताना मधली भरावीत, तसं.

ओळी किती? युरोपच्या आणि म्हणून आपल्याही ६२५. अमेरिकेच्या ५२५. हे आकडे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण असे विचित्र का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. सहाशे का नाही? पाचशे का नाही?

पहिलं म्हणजे संख्या विषम हवी. ६२५ ची निम्मी तीनशे साडेबारा. त्या उरलेल्या अर्ध्या ओळीमुळे दुसरी फेरी आपोआप अर्धी ओळ खाली सरकते आणि मधल्या जागा बरोबर भरते. कसलाही जादा खटाटोप नको. दुसरं त्याहून गोड आहे. ओळींचा वेग आणि चित्रांचा वेग हे दोन्ही एकाच घड्याळातून काढावे लागतात, आणि त्या काळात भागाकार करायचा तो काचेच्या व्हॉल्व्हनी. व्हॉल्व्हला पाचानं भागता येई, सातानं जेमतेम. पंचवीसनं भागायला सांगितलं तर गरम झाल्यावर त्याची मोजणी चुके. म्हणून मोठा भागाकार छोट्या छोट्या पायऱ्यांनी करायचा. घड्याळाच्या ३१,२५० ठोक्यांना पाचानं भागा, ६,२५०. पुन्हा पाचानं, १,२५०. पुन्हा, २५०. पुन्हा, ५०. चार पायऱ्या, चारही पाचाच्या, आणि ५ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले ५ म्हणजे ६२५! अमेरिकेचं तसंच : ३१,५०० ला सातानं, पाचानं, पाचानं आणि तिनानं भागलं की ६० उरतात, आणि ७, ५, ५, ३ यांचा गुणाकार ५२५. मी हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हा चहा गार झाला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं तेव्हापासून आपण पाचाच्या चौथ्या घाताची ही रांगोळी बघत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता.

रंग आले १९८२ मध्ये. स्वातंत्र्यदिनाला रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि नोव्हेंबरात एशियाड. आपण घेतली ती जर्मनीत जन्मलेली पाल पद्धत. अमेरिका आणि जपान एनटीएससीवर, फ्रान्स आणि रशिया सेकामवर. परदेशातून टीव्ही आणणाऱ्यांचे हाल तिथून सुरू झाले. त्यातला सर्वांत गमतीचा घोटाळा आवाजाचा. चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर किती अंतरावर ठेवायची, हेही प्रत्येकानं आपापलं ठरवलं होतं. आपल्याकडे साडेपाच मेगाहर्ट्झ, अमेरिकेत साडेचार, ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये सहा. म्हणजे ब्रिटिश टीव्हीला आपला व्हीसीआर अँटेनाच्या भोकातून जोडला तर चित्र झकास, रंगसुद्धा, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. पालच दोन्हीकडे, पण एकाचा कान अर्धा मेगाहर्ट्झ बाजूला. आखाती देश आणि सिंगापूर मात्र आपल्यासारखेच साडेपाचवाले. दुबई-सिंगापूरहून आणलेला टीव्ही बिनबोभाट चालायचा आणि लंडन-न्यूयॉर्कचा रुसायचा, त्यातलं एक कारण हे. लोक म्हणत, "दुबईचा माल चांगला." माल तोच होता, साडेपाचाचा कान होता.

आता हाय डेफिनिशनकडे येऊ, कारण माझ्या मते खरी नवलाई तिथे आहे.

जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं, एनएचकेनं, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पुढच्या पिढीच्या टीव्हीवर काम सुरू केलं. त्यांनी ओळी निवडल्या ११२५. हाही आकडा विचित्र, पण आता आपल्याला खोड कळली आहे. ५२५ म्हणजे पंचवीस गुणिले एकवीस. ६२५ म्हणजे पंचवीस गुणिले पंचवीस. ११२५ म्हणजे पंचवीस गुणिले पंचेचाळीस. दोन्ही घराण्यांशी सोयरीक जमेल असा आकडा त्यांनी शोधला. ओळींचं जमलं, पण वेगाचं अडलं. १९८६ मध्ये युगोस्लाव्हियातल्या दुब्रोव्हनिकला जगभरचे अभियंते जमले तेव्हा जपाननं ११२५ ओळी आणि ६० चा वेग हे सगळ्या जगाचं प्रमाण करा म्हटलं. युरोपनं मान हलवली नाही. त्यांनी आपलं वेगळं १२५० ओळी आणि ५० चं काढलं. पुन्हा दोन चुली.

तोडगा निघायला आणखी दशकभर गेलं, आणि तो ज्या तऱ्हेनं निघाला ते मला अजूनही अचंबित करतं. ठरलं असं : चित्र सगळ्यांचं एकच. आडवे १९२० ठिपके, उभे १०८०. इंदूरला तेच, इंडियानाला तेच. मोजले तर २०,७३,६०० ठिपके, आणि प्रत्येकात तांबडा, हिरवा, निळा असे तीन दिवे. वेग मात्र ज्याचा त्याचा, पूर्वजांचा. आणि तरीही दोन्हींचं घड्याळ एकच ठेवायचं, सेकंदाला ७ कोटी ४२ लाख ५० हजार ठोके. एकाच घड्याळावर दोन वेग कसे? तर प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडा रिकामा वेळ सोडायचा. चित्रपट्टीच्या बाहेरचा, कुणालाही न दिसणारा. साठवाल्यांच्या ओळीत एकूण २२०० ठोके : १९२० चित्राचे, २८० रिकामे. पन्नासवाल्यांच्या ओळीत २६४० : तेच १९२० चित्राचे, आणि ७२० रिकामे. दोन्हीकडे ओळी ११२५. गुणाकार करून बघा. २२०० गुणिले ११२५ गुणिले ३०, आणि २६४० गुणिले ११२५ गुणिले २५. उत्तर एकच येतं, शून्याचाही फरक नाही.

शंभर वर्षांचं भांडण मिटलं ते रिकाम्या जागेत. आपल्या ओळीला श्वास जरा मोठा, त्यांच्या ओळीला लहान, बंदिश एकच. (अमेरिकेत तो वेग नेमका साठ नसून ५९.९४ आहे. १९५३ मध्ये जुन्या काळ्यापांढऱ्या संचांना धक्का न लावता रंग घुसवायला त्यांनी एक हजारांश ढील दिली, ती आजवर आवळलेली नाही. त्यामुळे तिकडचं घड्याळही तेवढंच मंद. पण तो वेगळा फराळ.)

म्हणून आज दुबईच्या, न्यू जर्सीच्या आणि महारानी रोडच्या दुकानातली काच एकच असते. पुष्कळदा एकाच कारखान्यातली. काचेला देश नाही. देश असतो तो पोटाला, कानाला आणि तालाला. पाठीवरची चिठ्ठी वाचायची ती त्यासाठी.

तालाचं प्रात्यक्षिक आम्हाला ८ डिसेंबर २०११ ला मिळालं. होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध सेहवागनं १४९ चेंडूंत २१९ धावा केल्या तो दिवस. तिकीट नव्हतं, त्यामुळे स्टेडियमपासून काही किलोमीटरवर बसून आम्ही ताईच्या अमेरिकन टीव्हीवर बघत होतो. सेट-टॉप बॉक्स सेकंदाला ५० चित्रं देत होता. टीव्हीनं ती नाकारली नाहीत. कित्येक अमेरिकन संच सरळ "हे मला चालत नाही" अशी पाटी दाखवतात, तेवढा आमचा खडूस नव्हता. पण त्याची काच साठच्याच ठेक्यावर चाले. मग पाच चित्रं सहा घरांत कशी बसवायची? पाचातलं एक दोनदा दाखवून. सेकंदाला दहा वेळा.

पडद्यावर कुणी बसून बोलत असेल तर कळतही नाही. पण वेगवान गोलंदाजाचा ताशी १४० किलोमीटरचा चेंडू दोन चित्रांच्या मधल्या वेळात ७८ सेंटिमीटर पुढे जातो. हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत साधारण अर्धा सेकंद, म्हणजे पंचवीस चित्रं. त्या वाटेवर आमचा चेंडू पाच वेळा जागच्या जागी थबकत होता. कॅमेरा चौकाराच्या मागे वळला की प्रेक्षकांची रांग धक्के खात सरकायची, जुन्या बसच्या खिडकीतून दिसते तशी. भाचा बारा वर्षांचा. तो म्हणाला, "मामा, सेहवाग मारतोय नीट, पण बॉल अडखळतोय." तोवर माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. ताईच्या तर शेवटपर्यंत आलं नाही. तिला तो टीव्ही प्रिय होता.

तर त्या पोरानं आता दुबईतून पाठवलेली चिठ्ठी. मी चष्मा लावला आणि फोटो मोठा केला.

पहिली ओळ : १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. ही तिरकी रेघ दिसली की निम्मी काळजी मिटली. अशा संचाचं पोट आधी विजेला सरळ करून घेतं, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतं. पन्नास की साठ हे त्याला आठवतही नाही. लोखंडी पेटी नको, गुणगुण नको. दुबईत तसेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे तिथला संच आपल्या भिंतीला सख्खा. प्लग तेवढा वेगळा, चौकोनी तीन पायांचा, इंग्रजी. त्याला शंभरेक रुपयांचं जोडसाधन पुरतं, पण मला ती ढिली जोडसाधनं आवडत नाहीत. वायरच बदलून घ्यावी.

दुसरी ओळ ट्यूनरची : डीव्हीबी-टी२ आणि एस२. आपल्याकडचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण याच घराण्यातलं. अमेरिकन संचात इथे एटीएससी लिहिलेलं असतं आणि त्या ट्यूनरचा इंदुरात काडीचा उपयोग नाही. खरं तर बहुतेक घरांना कुठल्याच ट्यूनरचा उपयोग उरलेला नाही. केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात इंदूर होतं, मुदत ३१ मार्च २०१३. तेव्हापासून छतावरची तबकडी असो की गल्लीतली केबल, सिग्नल पकडायचं काम सेट-टॉप बॉक्स करतो आणि टीव्हीच्या हातात एचडीएमआयची तयार वायर देतो. परदेशी टीव्हीची सगळ्यात मोठी अडचण अशी नकळत मिटली. एस२ असला तर एक फायदा : फ्री डिशच्या कुलूप नसलेल्या वाहिन्या बॉक्सशिवायही पकडता येतात.

"चित्र किती लिहिलंय?" मी विचारलं.

"बोर्डावर एचडी रेडी आहे, मामा."

इथे सावध. युरोपातल्या उद्योगसंघटनेनं २००५ मध्ये हा बिल्ला काढला तेव्हा त्याला अर्थ होता : ओळी किमान ७२०, आणि ५० व ६० दोन्ही वेग चालले पाहिजेत. पाटी दाखवणाऱ्या त्या अमेरिकन संचांना असा बिल्ला असता तर निदान नाही म्हणायची त्यांना मुभा नसती. आपल्या दुकानांत मात्र एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८ असा अर्थ रूढ झाला. ७६८ ला सोळास नऊच्या मापात रुंदी येते १३६५ आणि एक तृतीयांश. तृतीयांश ठिपका कापता येत नाही म्हणून १३६६. असा टीव्ही १०८० चं चित्र घेतो आणि स्वतःच्या मापाला आक्रसून दाखवतो. बत्तीस इंचाला चालून जातं. त्रेचाळीसला मी घेणार नाही. "फुल एचडी किंवा फोरके बघ," म्हटलं. फोरके म्हणजे त्याच १९२०–१०८० ची दोन्ही बाजूंनी दुप्पट, म्हणून जुना सिग्नल त्यात सहज बसतो. एका ठिपक्याच्या जागी चार.

आणि चिठ्ठीवर न लिहिलेल्याही गोष्टी असतात. अमेरिकेसाठीच बनवलेला संच वायफायच्या बाराव्या-तेराव्या चॅनलकडे ढुंकून बघत नाही, कारण तिकडे ते वापरत नाहीत. आपला राउटर नेमका तेराव्यावर बसला असेल तर घरात सगळ्यांचे फोन चालतात आणि टीव्हीला वायफाय दिसतच नाही. ॲपचं दुकान ज्या देशाचा संच त्या देशाचं उघडू शकतं. सोबत ब्ल्यू-रे प्लेअर घ्यायचा मोह झाला तर दुबई प्रदेश ब, भारत प्रदेश क. कुलूप प्रत्यक्षात चकतीला आहे, पण दाराबाहेर आपण उभे. आणि दुरुस्तीची हमी बहुधा समुद्र ओलांडत नाही.

राहता राहिली सीमा. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उडालं १५ जुलै २०१९ ला, दुबईलाच. त्याआधी मुंबई किंवा दिल्लीला उतरून, कस्टम तिथे भरून, मग पुढे. शुल्काचं म्हणाल तर २०१३ च्या ऑगस्टपर्यंत सपाट टीव्ही सवलतीच्या सामानात बसायचा, आणि बँकॉक-दुबईहून परतणाऱ्यांच्या ट्रॉलीवर आडवी खोकी दिसायची. रुपया घसरत होता. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारनं ही सवलत काढून घेतली : सपाट टीव्ही कितीही लहान असो, ३६.०५ टक्के शुल्क. हे पाच शतांश आले पस्तीस टक्क्यांवरच्या तीन टक्के उपकरातून. पुढे उपकराच्या जागी दहा टक्क्यांचा अधिभार आला आणि आकडा झाला ३८.५. म्हणजे तीस हजारांच्या टीव्हीला ११,५५० रुपये. निघण्यापूर्वी चालू दर बघून घ्यावा, पण सपाट टीव्ही सवलतीबाहेर, हे सूत्र धरून चालायचं. लाल रांगेत उभं राहून पावती घेतलेली बरी.

तिकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी आपल्याकडे २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुबईतला भाव आणि इंदूरचा भाव यांत जी फट होती तीही बुजत आली.

शेवटी खोकं. त्रेचाळीस इंची काच आडवी ९५ सेंटिमीटर, उभी साडेत्रेपन्न. थर्माकोल धरून खोक्याची लांबी, रुंदी, उंची मिळवली तर सामानाच्या १५८ सेंटिमीटरच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर जाते. बत्तीस इंची कसाबसा आत बसतो. आणि काच बांगडीसारखी पातळ. ती उभी न्यायची असते, सामान चढवणारे ती आडवी टाकतात.

फोनवर बराच वेळ शांतता. मागून दुकानातली अरबी जाहिरात ऐकू येत होती.

"मामा, मग हा सगळीकडून चालतो, फक्त परवडत नाही."

"असं म्हण."

पुढच्या शनिवारी ताई आणि मी महारानी रोडवर. जुना दुकानदार गेला, गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो. भिंतभर टीव्ही लागले होते आणि सगळ्यांवर एकच कार्यक्रम, एकच निळा समुद्र, एकच कासव. ताई पुढून बघून खूश. मी म्हटलं, जरा फिरवून दाखव. पोऱ्यानं दोन्ही हातांनी धरून टीव्ही वळवला. ताईनं पर्समधून चष्मा काढला, वाकली आणि शाळेतल्या बाईंसारखं मोठ्यानं वाचू लागली, "शंभर ते दोनशे चाळीस. पन्नास, तिरकी रेघ, साठ..."

गल्ल्यावरून आवाज आला, "अरे भिया, माताजी को पीछे क्या दिखा रहे हो? पिक्चर तो आगे आ रही है!"